आजोळचे सेनाध्यक्ष

यंदाच्या स्मरणिकेतील ‘ज्ञातीतील कर्तबगार पुरुष’ या सदरासाठी जनरल कुमारमंगलम् यांच्या लष्करी कारकिर्दीविषयी काही लिहावे, असे चिटणिसांचे पत्र आले, तेव्हा आम्हांस आनंद झाला आणि थोडी अडचणही वाटली. आनंद अशासाठी की, स्वतंत्र भारताच्या सेनाध्यक्षपदी पोहोचलेल्या या पुरुषाचे आजोळ आपल्या सारस्वत ज्ञातीतले, मंगळूरचे. अडचण अशी की, पित्याकडून ते आपले नव्हते. तमिळ मुलखातील गौंडर जमीनदारांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. नातवाचे कौतुक करण्याचा आजोळास अधिकार असतो, हे खरे. परंतु त्या आजोळाशी आपली ज्ञाती एके काळी कशी वागली, हे सांगितल्यावाचून कौतुकाचा हा लेख लिहिणे आम्हांस प्रशस्त वाटेना. म्हणून आरंभीच वाचकांची क्षमा मागून ठेवतो.

आमच्या अधिकाराविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. आमची सारी हयात शाळेत गणित आणि इतिहास शिकविण्यात गेली. बंदूक कधी हाती धरली नाही. तोफांशी संबंध आला तो एवढाच की, नोकरीची काही वर्षे नाशिक रोडच्या बाजूस काढली. देवळालीच्या बाजूने तोफखान्याच्या सरावाचे आवाज येत, वर्गाची तावदाने थरथरत, आणि मुलांचे लक्ष फळ्यावरून उडे. एकदा एका मुलाने विचारले, “गुरुजी, तोफ उडवणाऱ्याला समोरचं दिसतं का?” आम्ही “दिसते” असे ठोकून दिले. पुढे वाचनात आले की, आमचे उत्तर साफ चूक होते. तोफेपाशी उभा असलेला गोलंदाज बहुधा टेकडीच्या आड असतो. शत्रू त्यास दिसत नाही. पुढे कोठे तरी उंचावर दडून बसलेला अधिकारी दुर्बिणीतून पाहतो, गोळा कोठे पडला ते बिनतारी यंत्राने कळवितो, आणि त्या आकड्यांवरून तोफेचा कोन व दिशा बदलली जाते. त्रिकोणमिती ज्यास कंटाळवाणी वाटते त्याने तोफखान्यात जाऊ नये. (‘गोलंदाज’ म्हटले की आजच्या मुलांस क्रिकेटच आठवते, पण शब्द मूळचा तोफखान्याचा आहे.) त्या मुलास खरे उत्तर द्यावयाचे राहून गेले.

आता आजोळाकडे वळू. कुद्मुल रंगराव हे चित्रापूर सारस्वत. जन्म १८५९, कासरगोड येथला. मंगळूरास त्यांनी वकिली केली. ज्यांची सावलीही त्या काळी विटाळ मानली जाई, त्यांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या, वसतिगृह काढले, घरांसाठी जागा मिळविल्या, आणि १८९७ साली या कामासाठी मिशन स्थापन केले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे मुंबईतील मिशन सर्वांस ठाऊक आहे. ते १९०६ सालचे. म्हणजे मंगळूरचे काम त्याआधी नऊ वर्षांचे होते. याबद्दल रंगरावांस आपल्याच लोकांकडून काय मिळाले? बहिष्कार. न्हावी आणि परीट यांनीही त्यांचे काम करू नये, अशी व्यवस्था झाली. ती करणारे इंग्रज नव्हते, परधर्मीय नव्हते. आपल्याच आजोबा-पणजोबांच्या पिढीतले प्रतिष्ठित गृहस्थ होते. रंगराव डगमगले नाहीत. १९२८ साली ते वारले. आपल्या अंत्यसंस्कारास सफाईकाम करणाऱ्या अस्पृश्य बांधवांचे हात लागावे, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली होती. १९३४ साली गांधीजी मंगळुरास गेले, तेव्हा त्यांनी या कामाचा गौरव केला. गांधीजींनी गौरव केल्यावर आपल्या लोकांसही ते नाव उच्चारणे सोपे झाले, असे आम्हांस वाटते.

या रंगरावांची कन्या राधाबाई. कुमारमंगलम् येथील जमीनदार पी. सुब्बरायन् यांच्याशी १९१२ साली त्यांचा विवाह झाला. त्या काळी ब्राह्मण कन्येने गौंडर वराशी विवाह करणे म्हणजे दोन्हीकडच्या मंडळींस तोंडे फिरविण्यास पुरेसे कारण होते. पतिपत्नी दोघेही ऑक्सफर्डला शिकली. सुब्बरायन् १९२६ ते १९३० मद्रास इलाख्याचे मुख्यमंत्री होते. राधाबाई १९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेस गेल्या. हिंदुस्थानातून त्या परिषदेस गेलेल्या दोन स्त्रियांपैकी त्या एक. पुढे १९३८ साली मध्यवर्ती विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये, निवडून आलेली पहिली स्त्री हा मानही त्यांचाच. सुब्बरायन् यांचा आपल्या महाराष्ट्राशीही संबंध आला. १९६२ च्या एप्रिलात ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले आणि त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला, पदावर असतानाच, निवर्तले. चीनचे आक्रमण त्यानंतर चौदा दिवसांनी झाले.

या दांपत्याचे ज्येष्ठ पुत्र परमशिव प्रभाकर कुमारमंगलम् यांचा जन्म १ जुलै १९१३ चा. त्यांचे शिक्षण इंग्लंडात झाले आणि तेथेच वुलिच येथील लष्करी विद्यालयातून त्यांनी पदवी मिळविली. पायदळ आणि घोडदळ यांचे अधिकारी सँडहर्स्टला तयार होत. तोफखाना व इंजिनियर दल यांचे वुलिचला. सँडहर्स्टचे दार हिंदी तरुणांस १९१८ साली किंचित उघडले होते, परंतु वुलिचचे दार त्यानंतरही बंदच होते. याचे कारण समजून घेण्यासाठी मागे जावे लागेल.

मुंबई इलाख्याच्या फौजेत २८ सप्टेंबर १८२७ रोजी हिंदी गोलंदाजांची एक कंपनी उभी राहिली. तीच पुढे बॉम्बे माउंटन बॅटरी म्हणून नावारूपास आली, आणि आजही भारतीय तोफखाना २८ सप्टेंबर हा आपला दिन म्हणून पाळतो. परंतु १८५७ च्या उठावात हिंदी गोलंदाजांनी आपल्या तोफा इंग्रजांवरच वळविल्या. त्या तोफांचा नेम किती अचूक होता, हे इंग्रज विसरला नाही. उठाव मोडल्यावर त्याने ठरविले की, हिंदी शिपायाच्या हाती बंदूक द्यावी, तलवार द्यावी, घोडा द्यावा. तोफ देऊ नये. खेचरांवर लादून नेण्याच्या लहान पहाडी तोफांच्या काही मोजक्या बॅटऱ्या तेवढ्या हिंदी जवानांच्या राहिल्या. त्यात मुंबईची ती जुनी कंपनी होती. तेथेही हुकूम देणारा गोराच. मैदानी तोफांचा हिंदी तोफखाना पुन्हा उभा राहिला तो १५ जानेवारी १९३५ रोजी, बंगळूर येथे, ‘ए फील्ड ब्रिगेड’ या नावाने. मधल्या पाऊणशे वर्षांत आपल्या चार पिढ्या गेल्या. ज्या जातीस शाळेची पायरी चढू दिली नाही, तिला पुढे ‘यांस बुद्धीच नाही’ असे म्हणणारे आपल्यात होते. त्याच चालीवर, ज्यांस तोफेस हात लावू दिला नाही त्या हिंदी लोकांस ‘तोफखान्याचे गणित यांस जमणारे नाही’ असे म्हणणारे इंग्रजही होतेच.

१९३२ साली प्रेमसिंग ग्यानी हे तोफखान्यातील पहिले हिंदी अधिकारी झाले. (पुढे हेच ग्यानी गाझा आणि सायप्रस येथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख होते.) त्यांच्या पाठोपाठ, ३१ ऑगस्ट १९३३ रोजी, कुमारमंगलम् यांस सनद मिळाली. वय वीस. इंग्लंडात तयार होऊन राजाची सनद घेणाऱ्या हिंदी अधिकाऱ्यांची ही शेवटची पिढी. देहरादूनचे विद्यालय १९३२ च्या अखेरीस सुरू झाले होते, आणि तेथून निघालेल्यांची सनद वेगळ्या प्रकारची होती.

पुढील काही वर्षे बॅटरीच्या नित्य कामात गेली. त्यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. उत्तम घोडेस्वार, पोलोपटू आणि क्रिकेटचे शौकीन म्हणून त्यांची ख्याती होती, एवढे नमूद करतो. त्यांच्या खऱ्या परीक्षेचा दिवस उजाडला तो २७ मे १९४२ हा, आणि जागा होती आफ्रिकेतील लिबियाचे वाळवंट.

त्या समयी ब्रिटिश सैन्याची फळी समुद्रापासून दक्षिणेस वाळवंटात पसरली होती आणि तिच्या टोकास बीर हकीम नावाचे ठाणे होते. ठाण्यात फ्रेंच सैन्य होते. त्याच्या आग्नेयेस काही मैलांवर, नकाशावर ज्यास नावही नव्हते, केवळ उंचीचा आकडा होता अशा ‘पॉइंट १७१’ या जागी तिसऱ्या हिंदी मोटर ब्रिगेडने नुकतेच मोर्चे खणण्यास आरंभ केला होता. तिच्यात घोडदळाच्या तीन जुन्या पलटणी होत्या, ज्यांचे घोडे जाऊन मोटारी आल्या होत्या; आणि तोफा होत्या दुसऱ्या हिंदी फील्ड रेजिमेंटच्या. त्यांपैकी एका बॅटरीचे प्रमुख मेजर कुमारमंगलम् होते. जर्मन सेनापती रोमेल याने रात्रीतून सारी फळी दक्षिणेकडून वळसा घालून ओलांडण्याचा बेत केला. २७ तारखेच्या पहाटे इटलीच्या ‘आरिएते’ चिलखती डिव्हिजनचे रणगाडे या अर्धवट खणलेल्या ठाण्यावर येऊन आदळले.

तोफखान्याचा शास्त्रशुद्ध नियम असा की, तोफ मागे आणि शत्रू दूर. पॉइंट १७१ ला तो नियम राहिला नाही. रणगाडे डोळ्यांसमोर धूळ उडवीत येत होते. आमच्या वर्गातील मुलाच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी ‘दिसते’ असे होते. आणि गोलंदाजास शत्रू दिसणे यासारखे दुश्चिन्ह दुसरे नाही. पंचवीस पौंडी तोफ ही वस्तुतः दूरच्या माऱ्यासाठी; तिचा गोळा पंचवीस पौंडांचा, म्हणजे आपल्या सुमारे साडेअकरा किलोंचा. परंतु तिच्याखाली एक वाटोळे तबक असते, त्यावर ती भराभर कोणत्याही दिशेस फिरविता येते. म्हणून निकड पडली तर ती रणगाड्याशी समोरासमोर झुंजू शकते. मात्र तिच्या लहानशा ढालीवाचून गोलंदाजास दुसरा आडोसा नसतो. एका तोफेवर सहा माणसे. एक पडला की दुसऱ्याने त्याचे काम उचलायचे. हिंदी गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. उघड्या नेमाने ते गोळे झाडीत राहिले; कित्येक रणगाडे जागच्या जागी जळाले. तथापि रणगाड्यांच्या लाटा एकामागून एक येत होत्या, आणि सकाळ पुरती वर येण्यापूर्वीच ठाणे पायदळी तुडविले गेले.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. या ब्रिगेडच्या एका पलटणीबरोबर सर वॉल्टर कोवन नावाचे एक निवृत्त ब्रिटिश ॲडमिरल हौसेने राहात होते, वय सत्तर. रणगाडा अंगावर आला तेव्हा हे गृहस्थ पिस्तुलाने त्याच्यावर गोळ्या झाडीत होते. तेही कैद झाले. आम्हां निवृत्तांस सकाळी दूध आणावयास पाठविले तर गुडघे कुरकुरतात.

त्या दिवसाच्या कामगिरीबद्दल मेजर कुमारमंगलम् यांस डी. एस. ओ. हे मानाचे पदक मिळाले. परंतु पदक मिळाले तेव्हा ते घेणारा शत्रूच्या तुरुंगात होता. ज्या लढाईत ठाणे पडले, तोफा गेल्या, माणसे कैद झाली, तिचे पदक कशासाठी, असा प्रश्न कोणी तरुण वाचक विचारील. आम्ही एवढेच म्हणू की, पंचाहत्तर वर्षे ज्यांच्या हाती तोफ देण्याची इंग्रजास भीती वाटली, ते तोफ सोडून कोणत्या परिस्थितीत पळतात, हे त्या पहाटे पाहावयास मिळाले असते. ते पाहावयास मिळाले नाही.

कैद्यांची इटलीस रवानगी झाली. तेथील छावणीत अनेक हिंदी अधिकारी एकत्र आले. त्यांत याह्याखान होते, टिक्काखान होते, साहेबजादा याकूबखान होते. त्या दिवशी सर्व एकाच सैन्याचे, एकाच ताटातले. कुमारमंगलम् तेथून निसटले. इटालियन खेडुतांनी आपला जीव धोक्यात घालून त्यांस लपविले, खाऊ घातले. शत्रुराष्ट्राच्या शेतकऱ्याने एका परक्या कैद्यासाठी असे करावे, हे वाचून आम्हांस फार बरे वाटले. परंतु दैव आडवे आले. पायाचा घोटा मोडला आणि ते पुन्हा सापडले. या वेळी त्यांस जर्मनीत, स्टालाग लुफ्ट ३ या कडेकोट बंदोबस्ताच्या छावणीत, धाडण्यात आले. १९४४ च्या मार्चमध्ये भुयार खणून शाहत्तर कैदी जेथून पळाले आणि पकडलेल्यांपैकी पन्नासांस ज्यांच्याबद्दल गोळ्या घालण्यात आल्या, ती हीच छावणी. सुटका झाली ती युद्ध संपल्यावर.

इकडे घरी काय चालले होते? धाकटे बंधू मोहन हे केंब्रिजहून साम्यवादी होऊन परतले होते. मद्रास कटाच्या खटल्यात त्यांस अटक झाली होती. भगिनी पार्वती याही त्याच विचाराच्या. पुढे पार्वती कृष्णन् या नावाने त्या संसदेत साम्यवादी पक्षाच्या खासदार म्हणून गाजल्या. एक भाऊ राजाची सनद घेऊन वाळवंटात तोफा चालवितो आहे, दुसऱ्यावर त्याच राजाविरुद्ध कट केल्याचा आरोप आहे. अशा त्या घरात राधाबाईंचे मन कसे राहिले असेल, याची कल्पना वाचक भगिनींस अधिक चांगली करता येईल.

स्वातंत्र्यानंतर कुमारमंगलम् पायरीपायरीने चढत गेले. १९६२ च्या पराभवाने पूर्व सीमेवरील सैन्याचे मन खचले होते. अशा वेळी, १९६३ च्या मे महिन्यात, पूर्व विभागाचे सेनापतिपद त्यांच्याकडे आले. १९६४ च्या अखेरीस ते पद माणेकशा यांच्याकडे सोपवून ते दिल्लीस गेले, आणि १९६५ च्या पाकिस्तानी युद्धात जनरल चौधरी यांच्या हाताखाली उपसेनाध्यक्ष होते. ८ जून १९६६ रोजी ते सेनाध्यक्ष झाले. तोफखान्यातून या पदावर गेलेले ते पहिलेच.

या नेमणुकीचे मोल आम्हांस विशेष वाटते. चीनशी झालेल्या युद्धास अवघी चार वर्षे लोटली होती. साम्यवादी म्हटले की लोक संशयाने पाहत. अशा काळात ज्याची सख्खी बहीण साम्यवादी पक्षाची नेती, ज्याचा सख्खा भाऊ त्याच चळवळीत तुरुंग भोगून आलेला, अशा माणसाच्या हाती देशाने आपले सारे सैन्य दिले, आणि त्याबद्दल पुढे देशास एकदाही पश्चात्ताप करावा लागला नाही. परक्या सरकारने एका उठावामुळे साऱ्या हिंदी लोकांवर पाऊणशे वर्षे अविश्वास दाखविला. आपल्या सरकारने भावाच्या मतांचा भुर्दंड भावास भरावयास लावला नाही. (मोहन पुढे काँग्रेसमध्ये आले, पोलाद व खाण खात्याचे मंत्री झाले, आणि ३१ मे १९७३ रोजी दिल्लीजवळ विमान अपघातात गेले.) योगायोग असा की, त्याच १९६६ साली याह्याखान पाकिस्तानच्या सैन्याचे प्रमुख झाले. इटलीतील छावणीतले दोन कैदी आता सीमेच्या दोन बाजूंस उभे होते.

सेनाध्यक्षपदाच्या काळातील मोठा प्रसंग १९६७ चा. सिक्कीम तेव्हा भारताच्या संरक्षणाखाली होते. तेथील नाथू ला या चौदा हजार फुटांहून उंच खिंडीत आपले जवान काटेरी तार घालीत असता ११ सप्टेंबर रोजी चिनी सैनिकांनी गोळीबार केला. उघड्यावरील आपले बरेच जवान पडले. तेथील डिव्हिजनचे सेनापती मेजर जनरल सगतसिंग होते. १९६१ साली गोव्यात पणजीस प्रथम पोहोचलेल्या छत्री ब्रिगेडचे प्रमुख ते हेच, म्हणून आपल्या गोमंतकीय सभासदांस हे नाव परिचित असेल. त्यांनी तोफा चालविल्या. सेबू ला आणि कॅमल्स बॅक या दोन उंचवट्यांवर आपले निरीक्षक होते. तेथून पलीकडच्या उताराचे चिनी मोर्चे स्पष्ट दिसत, आणि चिनी गोलंदाजांस आपली बाजू तशी दिसत नव्हती. तीन दिवस मारा चालला. १४ तारखेस शांतता झाली. ऑक्टोबरच्या आरंभी चो ला येथेही चिन्यांस माघार घ्यावी लागली. हे यश कड्यावर उभ्या असलेल्या जवानांचे आणि त्यांच्या सेनापतीचे. दिल्लीतील सेनाध्यक्षाच्या पदरात ते सारे घालणे बरोबर होणार नाही. परंतु १९६२ च्या त्या डोंगराळ पराभवानंतर पाच वर्षांत तोफ, दुर्बीण आणि गणित यांचा असा मेळ पूर्व सीमेवर बसला, त्या तयारीच्या काळात आधी त्या विभागाचा आणि मग साऱ्या सैन्याचा प्रमुख एक जुना गोलंदाज होता, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

१९६९ च्या जूनमध्ये माणेकशा यांच्या हाती सूत्रे देऊन ते निवृत्त झाले. १९७० साली त्यांस पद्मविभूषण मिळाले. निवृत्तीनंतरही घोड्यांचा नाद सुटला नाही. १३ मार्च २००० रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

लेख लिहून झाल्यावर आम्ही तो चिटणिसांकडे नेला. त्यांनी अनुक्रमणिका दाखविली. सदरात लेखाचे नाव होते ‘आपले सेनाध्यक्ष’, आणि खाली जनरलसाहेबांचे गणवेशातील छायाचित्र. आम्ही विचारले, “आजोबांचे छायाचित्र कोठे आहे?” चिटणीस म्हणाले, “मास्तर, जागा एकाच छायाचित्राची आहे.” आम्ही म्हटले, “मग कुद्मुल रंगरावांचे घाला. ज्या माणसाला आपण पंक्तीतून उठविले, त्याच्या नातवाला पंक्तीत बसविताना आधी त्या माणसाचे पान मांडले पाहिजे.” समितीच्या सभेत यावर तासभर चर्चा झाली. वयोवृद्ध सभासदांपैकी एकांनी, आपल्या आजोबांनी त्या बहिष्कारपत्रावर सही केली होती असे घरी ऐकल्याचे, स्वतः होऊन सांगितले. मग कोणी फारसे बोलले नाही. लेखाचे नाव आम्ही बदलून दिले. छायाचित्रे दोन घालावयाचे ठरले, आणि वरचे रंगरावांचे आहे.